तान्ह्या बाळाचा श्वास, अलार्मची यंत्रे आणि सुरक्षित झोप

नवजात अतिदक्षता विभागातून, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘काचेच्या पेटीतून’, बाळ घरी येते तेव्हा आईवडिलांना पहिल्याच रात्री एका गोष्टीची उणीव भासते. ती म्हणजे यंत्रांचा आवाज. रुग्णालयात बाळाच्या छातीला चिकटवलेल्या तारा, पायाला बांधलेला लाल दिवा आणि पडद्यावर सतत हलणारे आकडे यांची काही आठवडे सवय झालेली असते. घरच्या शांततेत बाळाच्या छातीची हालचाल दिसेनाशी झाली की जीव टांगणीला लागतो. गारखेड्यात १९८९ पासून कार्यरत असलेले डॉ. हेडगेवार रुग्णालय, शहराच्या दुसऱ्या टोकाचे घाटी रुग्णालय आणि अनेक खासगी बालरुग्णालये यांमुळे छत्रपती संभाजीनगरात मराठवाड्यातून व शेजारच्या जिल्ह्यांतूनही नाजूक प्रकृतीची नवजात बाळे उपचारांसाठी आणली जातात. अपुऱ्या दिवसांची, दीड-दोन किलो वजनाची बाळे आता जगतात आणि घरी जातात. साहजिकच घरी लावण्याच्या श्वासमॉनिटरविषयीची विचारणाही होऊ लागली आहे. बाळाच्या पायात घालायचा मोजा, लंगोटाला लावायची चिमटी, गादीखाली ठेवायची पट्टी अशी यंत्रे संकेतस्थळांवरून मागवता येतात आणि त्यांसाठी हजारो रुपये मोजावे लागतात.

ही यंत्रे बाळाचा जीव वाचवतात काय, हा खरा प्रश्न आहे. गेल्या पन्नास वर्षांच्या वैद्यकीय अनुभवाचे उत्तर असे की, डॉक्टरांनी विशिष्ट कारणासाठी दिलेल्या मॉनिटरला निश्चित स्थान आहे. मात्र निरोगी बाळाला घरी यंत्र लावल्याने झोपेतील आकस्मिक मृत्यू टळतात, असे आजवर सिद्ध झालेले नाही.

श्वासातील खंड

तान्ह्या बाळाचा श्वास मोठ्या माणसाप्रमाणे एका लयीत चालत नाही. मिनिटाला ३० ते ६० श्वास ही त्याची साधारण गती असते. झोपेत काही श्वास भराभर घेऊन मग पाच-दहा सेकंद थांबणे आणि पुन्हा सुरू करणे हा निरोगी बाळाचाही नित्यक्रम असतो. पालकांना धडकी भरते ती बहुधा यामुळेच. श्वास २० सेकंदांहून अधिक काळ थांबणे, किंवा त्याहून कमी काळ थांबूनही हृदयाचे ठोके मंदावणे वा बाळ निळे पडणे, याला मात्र वैद्यकशास्त्रात ‘ॲप्निया’ म्हणतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत मेंदूतील श्वसनकेंद्र पक्व झालेले नसल्याने असा खंड वारंवार पडतो. त्यावर कॅफीन हे औषध दिले जाते. चहा-कॉफीतील हाच घटक या बाळांच्या श्वसनकेंद्राला चालना देतो. श्वासातील खंड थांबल्यावर काही दिवस, साधारण आठवडाभर, बाळाला निरीक्षणाखाली ठेवून मगच घरी सोडण्याची पद्धत आहे. म्हणजे पालकांना ज्याची भीती वाटते त्याची पारख रुग्णालयातच झालेली असते.

झोपेतील आकस्मिक अर्भकमृत्यू ही याहून निराळी गोष्ट आहे. एक वर्षाखालील, वरकरणी निरोगी बाळ झोपेत दगावते आणि शवविच्छेदन, घटनास्थळाची पाहणी व पूर्वेतिहासाची तपासणी करूनही कारण सापडत नाही, तेव्हा हे नाव दिले जाते. असे मृत्यू सर्वाधिक घडतात ते दोन ते चार महिन्यांच्या वयात. सहा महिन्यांनंतर ते विरळ होतात.

यंत्रामागचा इतिहास

अॅप्निया आणि आकस्मिक मृत्यू यांची सांगड घातली गेली ती १९७२ साली. अमेरिकेतील डॉ. आल्फ्रेड स्टाइनश्नायडर यांनी ‘पीडिॲट्रिक्स’ या नियतकालिकात पाच बाळांची निरीक्षणे मांडली. श्वासातील दीर्घ खंड ही आकस्मिक मृत्यूची पूर्वसूचना असू शकते, असा त्यांचा तर्क होता. पाचपैकी दोन बाळे एकाच घरातील भावंडे होती आणि ती दोन्ही पुढे दगावली होती. हा दोष कुटुंबात चालतो, असा अर्थ त्यातून काढला गेला. या लेखाच्या आधारावर घरगुती मॉनिटरचा मोठा उद्योग उभा राहिला आणि अमेरिकेतील हजारो घरांत बाळांच्या छातीला पट्टे बांधले गेले.

पुढे घडले ते सुन्न करणारे होते. त्या भावंडांची आई वनीटा हॉइट हिची पाचही मुले १९६५ ते १९७१ या काळात दगावली होती. १९९५ साली न्यायालयाने तिला पाचही मुलांच्या खुनाबद्दल दोषी ठरवले. ज्या दोन मृत्यूंवर सिद्धान्ताची इमारत उभी होती, ते आजाराने झालेले मृत्यू नव्हतेच.

एवढ्यावरून यंत्र निरुपयोगी ठरत नाही, हेही खरे. म्हणूनच त्याची स्वतंत्र परीक्षा महत्त्वाची ठरली. अमेरिकेत १,०७९ बाळांना घरी मॉनिटर लावून सात लाखांहून अधिक तासांच्या नोंदी गोळा करण्यात आल्या. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, अलार्म वाजावा अशा घटना ४१ टक्के बाळांत नोंदल्या गेल्या. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळांतही हे प्रमाण ४३ टक्के होते! अधिक गंभीर स्वरूपाच्या घटनांचा धोका अपुऱ्या दिवसांच्या बाळांत जास्त होता खरा. पण गर्भधारणेपासून मोजलेले ४३ आठवडे पूर्ण झाल्यावर तो इतरांइतकाच झाला. आकस्मिक मृत्यूंचा काळ सामान्यतः त्यानंतर येतो. म्हणजे अलार्म वाजण्याचा काळ आणि मृत्यूचा काळ यांचा मेळ बसत नाही. २००३ साली अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने आकस्मिक मृत्यू टाळण्यासाठी घरगुती मॉनिटर देऊ नयेत, असे स्पष्ट केले. २०२२ च्या शिफारशींतही ही भूमिका कायम आहे.

बाजारातील यंत्रे

गादीखालची पट्टी बाळाची हालचाल टिपते. प्राणवायू ती मोजत नाही. नाकतोंड दाबले जाऊन श्वासमार्ग बंद झाला, तरी छाती काही काळ धडपडत राहते आणि पट्टीच्या लेखी सारे आलबेल असते. उलटपक्षी, एकाच पलंगावर आईही झोपली असेल, तर तिच्या कुशी बदलण्याचीच नोंद होण्याची शक्यता अधिक. पायातला मोजा पल्स ऑक्सिमीटरच्या तत्त्वावर चालतो. कोरोनाच्या साथीत घरोघरी आलेला बोटाचा ऑक्सिमीटर मोठ्या माणसांच्या बोटासाठी बनवलेला असतो; बाळाच्या बोटावर किंवा अंगठ्यावर त्याचे आकडे भरवशाचे नसतात.

२०१८ साली अमेरिकेतील संशोधकांनी अशा दोन विक्रीयोग्य यंत्रांची रुग्णालयातील प्रमाणित यंत्राशी तुलना केली. ‘आउलेट’ या यंत्राने प्राणवायू घटल्याच्या बहुतेक घटना पकडल्या, तरी त्याच्या कामगिरीत सातत्य नव्हते. ‘बेबी व्हिडा’ला एकही घटना ओळखता आली नाही. पालकांनी त्या यंत्रावर विसंबून निर्धास्त झोप घेतली असती, तर? ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने परवानगीविना वैद्यकीय यंत्र विकल्याबद्दल आउलेट कंपनीला इशारापत्र दिले. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिच्या सुधारित मोज्याला निरोगी बाळांचे ठोके व प्राणवायू दाखवण्यापुरती मान्यता मिळाली. आकस्मिक मृत्यू टाळणारे साधन म्हणून ती मान्यता नाही, हा फरक जाहिरात वाचताना ध्यानात घ्यावा.

यंत्राची वायर हाही एक धोका आहे. २०१३ साली ‘एंजलकेअर’ कंपनीला गादीखालच्या पट्टीचे सुमारे सहा लाख संच दुरुस्तीसाठी परत बोलवावे लागले. पट्टीची वायर गळ्याभोवती आवळून दोन बाळांचा मृत्यू झाला होता. पाळण्यापासून हातभर अंतरावर कोणतीही वायर, दोरी वा पडद्याची नाडी असू नये.

पाठीवर झोपवण्याची मोहीम

आकस्मिक मृत्यू खरोखर कमी केले ते एका विनामूल्य उपायाने. पाश्चात्त्य देशांत अनेक वर्षे बाळांना पालथे झोपवण्याचा सल्ला दिला जात असे. डॉ. बेंजामिन स्पॉक यांच्या जगभर खपलेल्या पुस्तकातही १९५० च्या दशकातील आवृत्त्यांपासून तो होता. नेदरलँड्समध्ये १९८७ साली, ब्रिटन व न्यूझीलंडमध्ये १९९१ च्या सुमारास आणि अमेरिकेत १९९४ साली ‘बाळाला पाठीवर झोपवा’ ही मोहीम सुरू झाली. अमेरिकेत दशकभरात हे मृत्यू सुमारे निम्म्यावर आले. कोणत्याही यंत्राला असे यश मिळालेले नाही.

पाठीवर झोपल्यास ओकारी घशात जाईल, ही भीती आपल्याकडे सर्रास आढळते. शरीररचना पाहिली तर ती निराधार ठरते. बाळ उताणे असताना श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते. वर आलेले दूध श्वासनलिकेत शिरण्यासाठी त्याला चढ चढावा लागेल. पालथ्या बाळात ही स्थिती नेमकी उलटी होते. कुशीवर झोपवलेले बाळ सहज पालथे होते, म्हणून कूसही टाळावी. बाळ स्वतःहून दोन्ही बाजूंना पालथे-उताणे होऊ लागले, की झोपेत त्याने घेतलेली स्थिती बदलण्याची गरज नाही. झोपवताना मात्र पाठीवरच झोपवावे. जागेपणी, कोणाच्या नजरेसमोर पोटावर ठेवल्याने मान व खांदे बळकट होतात आणि डोके मागून चपटे होण्याचा संभव घटतो.

बाळंतिणीची खोली

पाठीवर झोपवण्याच्या बाबतीत आपली परंपरा पाश्चात्त्यांच्या पुढे होती, असे म्हणता येईल. बाराव्या दिवशी बारसे होऊन बाळ पाळण्यात जाते ते बहुधा उताणेच. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या दक्षिण आशियाई कुटुंबांत आकस्मिक मृत्यूंचे प्रमाण गोऱ्या कुटुंबांपेक्षा कमी आढळले, त्यामागे पाठीवर झोपवणे, स्तनपान, स्त्रियांमध्ये धूम्रपान नसणे आणि बाळाला वेगळ्या खोलीत एकटे न ठेवणे ही कारणे मानली जातात. आजीच्या हातचे सारेच मात्र निर्धोक नसते.

डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची उशी देण्याचा प्रघात महाराष्ट्रात घरोघरी आहे. उशीने मान पुढे वाकते, आणि तान्ह्या बाळाची श्वासनलिका इतकी मऊ व अरुंद असते की हनुवटी छातीला टेकली तरी श्वास कोंडू शकतो. वर्षभर बाळाला कोणतीच उशी नको. साडीच्या झोळीतही हीच अडचण होते. खोलगट झोळीत बाळाचे शरीर अर्धगोल होते आणि कमी दिवसांच्या बाळाला मान सावरता येत नाही. दिवसा कोणी समोर बसून झोका देणे वेगळे. रात्रभर झोळीत ठेवणे टाळावे. मोठे झालेले मूल झोळीच्या कापडात वा दोरीत अडकण्याचा धोका निराळाच. सपाट तळाचा लाकडी पाळणा चांगला. पिंजाऱ्याकडून नव्याने भरून आणलेली फुगीर कापसाची गादी बाळासाठी योग्य नव्हे. घट्ट घडी घातलेली गोधडी खाली अंथरणे अधिक सुरक्षित. तीच गोधडी बाळाच्या अंगावर मात्र नको, कारण ती जड असते आणि तोंडावर येते.

संभाजीनगरच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो. अशा दिवसांतही कुंची, पायमोजे, दुपटे आणि वर शाल अशा थरांत गुंडाळलेले बाळ दिसते. अति उष्णता हा आकस्मिक मृत्यूशी निगडित घटक आहे. मोठ्या माणसाला जितके कपडे लागतात त्याहून फार तर एक थर अधिक, हा हिशेब पुरेसा आहे. घरात झोपताना टोपी काढावी. मानेला किंवा पाठीला घाम असेल तर कपडे कमी करावेत. कूलरचा झोत थेट अंगावर नसावा. पंखा चालू ठेवण्यास हरकत नाही. जन्मतः वजन अगदी कमी असलेल्या बाळाला पहिल्या आठवड्यांत ऊब अधिक लागते. त्याच्या बाबतीत रुग्णालयातून सांगितलेले कपड्यांचे प्रमाणच पाळावे.

सर्वांत अवघड विषय शेगडीचा. बाळंतिणीला शेक, बाळाला ओवा-शेपाची धुरी आणि वारा लागू नये म्हणून बंद खिडक्या. कोळशाच्या शेगडीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत तो आई व बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकतो. धुरीने बाळाच्या श्वसनमार्गाचा दाह होतो तो वेगळाच. डासांसाठी रात्रभर कॉइल जाळण्याऐवजी घट्ट ताणलेली मच्छरदाणी वापरावी. नाकात तेल सोडण्याची प्रथा तर बंदच व्हायला हवी. ते तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. गळ्यातील काळा दोरा व ताईत झोपताना काढून ठेवावा.

तंबाखूचा विषय निघाला की आपल्याकडे बायका सिगारेट ओढत नाहीत, असे सांगितले जाते. मिश्रीचे काय? गरोदरपणी मिश्री लावणाऱ्या स्त्रिया मराठवाड्यात आजही आहेत. स्वीडनमधील संशोधनात, गरोदरपणी धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांत श्वासातील खंड आणि आकस्मिक मृत्यू यांचे प्रमाण अधिक आढळले आहे. धूर नसला तरी निकोटीन गर्भापर्यंत पोहोचतेच.

बाळ कोठे झोपवावे, यावर अमेरिकन अकादमीचा सल्ला असा : किमान सहा महिने आईच्याच खोलीत, पण वेगळ्या सपाट अंथरुणावर. दोन खोल्यांच्या घरात तो काटेकोर पाळणे कित्येकांना शक्य नसते. आईच्या शेजारी जमिनीवर वेगळी घडी अंथरणे हा त्यातल्या त्यात सोयीचा मार्ग. मद्य घेतलेल्या, धूम्रपान करणाऱ्या किंवा गुंगीचे औषध घेतलेल्या व्यक्तीजवळ, तसेच सोफ्यावर बाळाला घेऊन झोपणे मात्र अत्यंत धोक्याचे. बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल तर वेगळ्या अंथरुणाचा आग्रह अधिकच धरावा. वजन कमी असलेल्या बाळाला जागेपणी आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवणे, म्हणजे कांगारू पद्धत, अतिशय गुणकारी आहे. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ती जन्मानंतर लगेच सुरू केल्याने पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू २५ टक्क्यांनी घटले.

गडचिरोलीचे मणी

पाश्चात्त्य देशांतील चिंता आपल्याकडे जशीच्या तशी लागू करताना एक गोष्ट निसटते. २०२० च्या नमुना नोंदणीनुसार महाराष्ट्रात दर हजार जन्मांमागे १६ बाळे वर्षाच्या आत दगावत होती. त्यांपैकी ११ पहिल्या २८ दिवसांतच. आकस्मिक मृत्यूंचे वय त्यानंतरचे. आपल्या नवजात बाळांचे प्राण घेतात ते अपुरे दिवस, जन्मावेळी गुदमरणे, जंतुसंसर्ग आणि न्यूमोनिया. न्यूमोनियात श्वास थांबण्याच्या कितीतरी आधी तो वाढतो, आणि श्वास थांबण्याची वाट पाहणारे यंत्र तोवर गप्पच राहते.

हा वाढलेला श्वास घरातच ओळखता यावा, यासाठी डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत एक साधन तयार केले. एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी, एवढीच त्याची रचना. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा; वाळू संपण्याआधी लाल मण्यापर्यंत पोहोचले तर न्यूमोनिया समजायचा. निरक्षर दाईलाही ते वापरता येत असे. वीज नको, बॅटरी नको. गावपातळीवर न्यूमोनियाचे निदान व उपचार केल्याने बालमृत्यू घटल्याचा त्यांचा अभ्यास १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याच्या पुढील प्रयोगात ३९ गावांतील नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी खाली आला, हे १९९९ साली त्याच नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्याच धर्तीवर २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्या जन्मानंतरच्या ४२ दिवसांत ठरावीक दिवशी घरभेटी देतात.

घड्याळ लावून श्वास मोजणे कोणत्याही पालकाला जमते. बाळ शांत असताना, रडत वा दूध पीत नसताना, पोट व छातीची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजावी. दोन महिन्यांखालील बाळात ६० किंवा अधिक, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत ५० किंवा अधिक श्वास आले तर पुन्हा एकदा मोजावे. आकडा तेवढाच आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडणे, ज्याला ‘पोट उडणे’ म्हणतात, तसेच कण्हणे, दूध सोडून देणे, अंग गार पडणे किंवा तापणे, ओठ निळसर होणे ही लक्षणे असतील तर मोजण्यातही वेळ घालवू नये. पोट उडते म्हणून तान्ह्याच्या पोटावर चटके देण्याचे प्रकार मेळघाटातून अद्याप ऐकू येतात. त्यात उपचाराचा मोलाचा वेळ जातो आणि बाळाला जखमा होतात त्या वेगळ्याच.

डॉक्टरांनी मॉनिटर दिला असेल तर

घरी प्राणवायू लागणारी फुप्फुसांच्या जुनाट विकाराची बाळे, श्वासासाठी गळ्याला छिद्र केलेली बाळे आणि अॅप्निया लांबलेली काही बाळे यांना रुग्णालय मॉनिटर सुचवते. असे यंत्र घरी नेण्यापूर्वी अलार्मच्या मर्यादा किती ठेवायच्या, वीज गेल्यास बॅटरी किती वेळ टिकते आणि रात्री कोण जागणार, हे ठरवून घ्यावे. यंत्र फक्त हाक मारते. धावून येणाऱ्या माणसाला काय करायचे ते ठाऊक नसेल, तर त्या हाकेचा उपयोग नाही. म्हणून घरातील किमान दोघांनी बाळाला कृत्रिम श्वास व छातीवर दाब देण्याचे प्रशिक्षण रुग्णालयातच, बाहुलीवर प्रत्यक्ष करून घ्यावे.

अलार्म वाजताच आधी बाळाकडे पाहावे, पडद्याकडे नंतर. रंग ठीक आहे, छाती हलते आहे, तर बहुधा तार सुटलेली असते. बाळ हलत नसेल तर तळपायाला टिचकी मारावी, पाठ चोळावी. जोरजोरात हलवू मात्र नये, त्याने मेंदूत रक्तस्राव होतो. प्रतिसाद नसेल तर एकाने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि दुसऱ्याने शिकवल्याप्रमाणे ३० दाब व २ श्वास या क्रमाने सुरुवात करावी.

यंत्र किती दिवस ठेवायचे, हेही घरी नेतानाच विचारून घ्यावे. केवळ अपुऱ्या दिवसांमुळे श्वासात खंड पडणाऱ्या बाळाला गर्भधारणेपासून ४३ आठवडे होईपर्यंत ते पुरते. बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाच्या बाबतीत याचा अर्थ जन्मानंतर सुमारे अकरा आठवडे. त्यानंतर, खंड पडणे थांबले असल्यास, डॉक्टर यंत्र काढण्यास सांगतात.